अपडेटनंतर फाइल गायब? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

मायक्रोसॉफ्ट विंडोजचे महिन्याचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहा वाजता सोडते. आपल्या घड्याळात तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. म्हणून आपल्याकडे ही तक्रार बहुधा बुधवार-गुरुवारपासून यायला लागते: "मशीन चालू केलं, अपडेट झालं आणि डेस्कटॉपवर काहीच नाही." किंवा "टक्केवारी अडकली होती, बंद करून चालू केलं, आता विंडोजच येत नाही."

यातल्या बहुतेक वेळा फाइल डिस्कवरून गेलेल्या नसतात. त्या जागच्या जागी असतात, फक्त तुम्हाला दिसत असलेलं विंडोज त्यांच्याकडे बघत नसतं. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या एक-दोन तासांत. कुणीतरी फॉरमॅट मारतं, कुणी त्याच ड्राइव्हवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकतं, कुणी जागा कमी म्हणून डिस्क क्लीनअप चालवतं. क्लीनअपमधल्या "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन"च्या चौकोनात खूण केली, तर जिथे फाइल जिवंत होत्या तो अख्खा फोल्डरच पुसला जातो. तेव्हा क्रम ठरवून घ्या: आधी फाइल बाहेर काढायच्या, मग विंडोज दुरुस्त करायचं. दुकानात मशीन देतानासुद्धा हे स्पष्ट सांगा, कारण "विंडोज टाकून देतो" याचा अर्थ अनेक ठिकाणी सी ड्राइव्ह पुसून देतो असाच असतो.

मशीन चालू होतं, पण डेस्कटॉप रिकामा आहे

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. वॉलपेपर कंपनीचा, आयकॉन दोन-तीनच, डॉक्युमेंट्स रिकामं, ब्राउझरमधले बुकमार्क गेलेले. कधी कोपऱ्यात "तुमच्या खात्यात साइन इन करता आलं नाही" अशा अर्थाचा इंग्रजी संदेशही येतो. याचा अर्थ विंडोजला तुमचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या फाइल आणि सेटिंग्ज ठेवलेला तुमच्या नावाचा फोल्डर, उघडता आलं नाही, म्हणून त्याने तात्पुरतं प्रोफाइल काढून तुम्हाला त्यात बसवलं आहे. या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये जे काही सेव्ह कराल ते साइन आउट होताच नाहीसं होतं. म्हणून तिथे काम सुरू करू नका. एखादं तातडीचं पत्र टाइप करायचंच असेल, तर पेनड्राइव्हवर सेव्ह करा.

आता फाइल एक्सप्लोरर उघडा, सी ड्राइव्हमध्ये जा आणि यूजर्स फोल्डर उघडा. तिथे किती फोल्डर आहेत ते नीट बघा. तुमच्या नावाचा फोल्डर, पब्लिक, आणि बहुधा टेम्प नावाचा एक. कधी तुमच्याच नावाचे दोन फोल्डर दिसतील आणि त्यातल्या एकाच्या शेवटी .००० किंवा डॉट बीएके असं शेपूट असेल. ११ फेब्रुवारी २०२० च्या केबी ४५३२६९३ या अपडेटनंतर अनेकांच्या मशीनवर नेमकं हेच झालं होतं: अपडेट लागताना वापरलेलं तात्पुरतं प्रोफाइल नंतर मागे हटलं नाही आणि खऱ्या प्रोफाइलच्या फोल्डरचं नाव बदलून बसलं. लोकांना वाटलं सगळं पुसलं गेलं. फाइल मात्र त्या शेपटीवाल्या फोल्डरमध्ये होत्या.

प्रत्येक फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. ज्याचा आकार कित्येक जीबी भरतो, तो तुमचा. उघडताना "परवानगी नाही" असं म्हणालं तर कंटिन्यूवर क्लिक करा, थोडा वेळ लागेल पण उघडेल. मग एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडून आतले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे फोल्डर कॉपी करा. कट नको, कॉपीच. कट करताना मध्येच लाइट गेली तर अर्ध्या फाइल इकडे, अर्ध्या तिकडे अशी गत होते आणि ते निस्तरायला फार वेळ जातो.

कॉपी हातात आल्यावर मशीन दोन-तीन वेळा पूर्ण रिस्टार्ट करून बघा. बऱ्याचदा प्रोफाइल आपोआप ताळ्यावर येतं. आलं नाही, तर नवं यूजर खातं काढून त्यात फाइल आणणं मला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालण्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. रजिस्ट्रीमधल्या प्रोफाइललिस्टमध्ये डॉट बीएके शेपटीची नोंद दुरुस्त करण्याचा उपाय चालतो, पण तो ज्याला जमतो त्यानेच करावा, आणि तोही फाइल बाहेर काढल्यावर.

वनड्राइव्हमुळे उडणारा गोंधळ

यूजर्समध्ये तुमचा फोल्डर आहे, आकारही भरपूर आहे, पण त्यातला डेस्कटॉप रिकामा आहे? मग त्याच फोल्डरमधला वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) नावाचा फोल्डर उघडा. त्याच्या आत दुसरा डेस्कटॉप आणि दुसरं डॉक्युमेंट्स सापडण्याची शक्यता मोठी आहे. नवं विंडोज बसवताना किंवा मोठ्या अपडेटनंतर येणाऱ्या "बॅकअप घ्या" या स्क्रीनवर घाईत होय म्हटलं की हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलतात. पुढे कधी साइन इन तुटलं किंवा बॅकअप बंद केला, की डेस्कटॉप पुन्हा जुन्या जागेकडे बघायला लागतो आणि रिकामा दिसतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार उशिरा लक्षात येते. वनड्राइव्हमधल्या ज्या फाइलपुढे ढगाची खूण असते, त्या तुमच्या डिस्कवर नसतातच. तिथे फक्त नाव असतं, मजकूर सर्व्हरवर असतो. अशी फाइल पेनड्राइव्हवरून चालवलेल्या दुसऱ्या सिस्टीममधून कॉपी करायला गेलात, तर ती उघडणार नाही आणि तुम्हाला वाटेल की करप्ट झाली. त्या फाइल दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या साइटवर जाऊन उतरवून घ्यायच्या. तिथलं रिसायकल बिनही बघा: वैयक्तिक खात्यात डिलीट झालेली फाइल ३० दिवस राहते, ऑफिसच्या खात्यात साधारणपणे ९३ दिवस. मात्र फुकटच्या खात्यात जागा फक्त ५ जीबी असते. ती भरली की पुढच्या फाइल वर चढतच नाहीत, तेव्हा "सगळं क्लाउडवर आहे" या भरवशावर डिस्क पुसू नका.

विंडोज डॉट ओल्ड: दहा दिवसांची मुदत

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याच्या आगेमागे पुष्कळांनी जुन्या मशीनवर ११ चढवलं. असं मोठं अपग्रेड झालं की आधीचं सगळं विंडोज सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं जातं. महिन्याच्या साध्या अपडेटमध्ये हा फोल्डर तयार होत नाही, मोठ्या अपग्रेडमध्येच होतो. त्याच्या आत पुन्हा यूजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात तुमचं सामान.

हा फोल्डर साधारणपणे १० दिवसांनी आपोआप पुसला जातो. विंडोज १० सुरुवातीला आलं तेव्हा ही मुदत ३० दिवसांची होती, २०१६ च्या अपडेटपासून ती कमी झाली. आठवडा उलटून गेला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी हाच फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर उतरवा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी इथे "गो बॅक" हे बटण या मुदतीतच चालतं. त्याने जुनं विंडोज परत येतं, पण बटण दाबण्याआधीसुद्धा कॉपी हवीच.

विंडोज सुरूच होत नाही

टक्केवारीवर अडकलेलं दिसतं तेव्हा आधी थांबा. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर एकाच आकड्यावर तास-दोन तास जाऊ शकतात. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. "बदल मागे घेत आहोत" असा संदेश असेल तर विंडोज स्वतःच पूर्वीच्या जागी परत जातंय, तेव्हा तर बटण दाबूच नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉप असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर भारनियमनाच्या वेळा बघूनच अपडेटला हात घालावा. कित्येक तास दिवाही हलला नाही, तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा.

लागोपाठ सुरू व्हायला अपयश आलं की विंडोज आपणहून दुरुस्तीची निळी स्क्रीन आणतं. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे "अनइन्स्टॉल अपडेट्स" आहे. त्यातलं क्वालिटी अपडेट, म्हणजे महिन्याचं अपडेट, आधी काढून बघा, याने मशीन पुष्कळदा उभं राहतं. त्याच्या जवळपासच "रीसेट धिस पीसी" असतं, त्यातला "रिमूव्ह एव्हरीथिंग" हा पर्याय म्हणजे फाइलींना निरोप. "कीप माय फाइल्स" तुमच्या फाइल ठेवतो, पण टाकलेली सॉफ्टवेअर काढून टाकतो, आणि हे सगळं आधीच बिघडलेल्या मशीनवर चालतं. कॉपी हातात नसताना मी तो वापरायला सांगणार नाही.

या निळ्या स्क्रीनवर माउस-कीबोर्ड चालत नसेल तर तुमचं मशीन मेलं असं समजू नका. ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर यूएसबी कीबोर्ड आणि माउस फक्त याच दुरुस्तीच्या स्क्रीनवर बंद पडत होते. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वेगळं अपडेट काढून ते सुधारलं. तुम्ही त्यात अडकला असाल, तर खाली दिलेला लिनक्सचा मार्ग धरा.

दुरुस्तीच्या स्क्रीनमधून फाइल काढायची सगळ्यात सोपी युक्ती नोटपॅडची. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड हे नाव इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅडच्या फाइल मेन्यूत ओपन निवडा, खाली "टेक्स्ट डॉक्युमेंट्स" आहे तिथे "ऑल फाइल्स" करा. आता ती ओपनची छोटी खिडकीच तुमचा फाइल एक्सप्लोरर आहे. डावीकडे धिस पीसीवर जा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी इथे डी म्हणून दिसेल, म्हणून अक्षराकडे न बघता ज्यात विंडोज आणि यूजर्स हे दोन्ही फोल्डर आहेत तो ड्राइव्ह शोधा. फोल्डरवर उजवं क्लिक, कॉपी. मग एक्स्टर्नल डिस्कमध्ये जाऊन उजवं क्लिक, पेस्ट. कॉपी चालू असताना हिरवी पट्टी वगैरे काही दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. ती बंद करू नका. एकदम पन्नास जीबी उचलण्यापेक्षा एकेक फोल्डर घ्या.

कमांडची सवय असलेल्यांनी इथे रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची कमांड वापरावी. फक्त अख्खं यूजर प्रोफाइल उचलत असाल तर शेवटी स्लॅश एक्सजे जोडायला विसरू नका. प्रोफाइलमध्ये जुन्या नावांचे काही दुवे असतात जे फिरून पुन्हा स्वतःकडेच येतात. तो पर्याय दिला नाही तर कॉपी त्या गोल फेऱ्यात अडकते आणि डिस्क भरून जाते.

दुसरा मार्ग लिनक्सचा, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या विंडोजऐवजीच्या फुकट सिस्टीमचा, आणि दुरुस्तीची स्क्रीनसुद्धा येत नसेल तर तोच धरावा. दुसऱ्या मशीनवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट उतरवून रूफस या फुकट सॉफ्टवेअरने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. बिघडलेलं मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून बूट मेन्यू येतो. "ट्राय" निवडा, "इन्स्टॉल" अजिबात नाही. विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला तर उत्तम, आपल्याला वाचायचंच आहे. फास्ट स्टार्टअपमुळे असं होतं, त्यावर जबरदस्तीची दुरुस्ती चालवू नका.

अठ्ठेचाळीस आकडी कुलूप

अपडेटनंतर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) रिकव्हरी की मागितली, तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे की शिवाय ती वाचता येत नाही. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर बऱ्याच मशीनवर ही स्क्रीन अचानक उभी राहिली होती. पुष्कळांना आपल्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे हेच ठाऊक नसतं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं, की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्या खात्यात जाऊन बसते.

की म्हणजे सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन इन करा आणि डिव्हायसेसमध्ये रिकव्हरी की शोधा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. तुमच्या खात्यात काहीच नसेल, तर पहिल्यांदा हे मशीन कुणी सुरू करून दिलं ते आठवा. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने सेटअप केला असेल, तर की त्याच्या खात्यात आहे. घरातल्या मुलाने-मुलीने केला असेल तर तिथे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीकडे.

की नसेल तर डिस्क कुणीही उघडू शकत नाही. पैसे घेऊन "बिटलॉकर तोडून देतो" म्हणणारा फार तर डिस्क पुसून नवं विंडोज टाकून देईल. आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन टीपीएम, म्हणजे कुलपाची की सांभाळणारी चिप, क्लिअर करण्याचा सल्ला कुणी दिला तर की सापडेपर्यंत तो मानू नका.

खरोखरच डिलीट झालं असेल तर

असं क्वचित घडतं, पण घडलेलं आहे. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ ला आली आणि लोकांच्या फाइल पुसल्या जाताहेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ती काही दिवसांतच थांबवली. ज्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखे फोल्डर सी ड्राइव्हवरून दुसरीकडे वळवले होते, पण जुन्या जागी काही फाइल तशाच राहिल्या होत्या, त्यांच्या बाबतीत अपडेटने जुना फोल्डर "फालतू दुसरी प्रत" समजून आतल्या फाइलींसकट काढून टाकला. सुधारलेली आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. आपल्याकडे सी आणि डी असे भाग पाडून डॉक्युमेंट्स डी वर हलवण्याची पद्धत जुनीच आहे, म्हणून तुमच्या मशीनवर तशी मांडणी असेल तर जुन्या जागी काही राहिलं आहे का ते आजच बघून ठेवा.

अशा वेळी मशीन ताबडतोब बंद करा. फिरती हार्ड डिस्क असेल तर डिलीट झालेल्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर राहतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी किंवा फोटोरेक ही फुकटची साधनं चालवा. सापडलेल्या फाइल तिसऱ्याच डिस्कवर उतरवा. फोटोरेकने फोटो पुष्कळ मिळतात, पण फाइलींची मूळ नावं आणि फोल्डर जातात, वर्गवारी पुन्हा करावी लागते. एसएसडी असेल तर आशा फार कमी. विंडोज डिलीट झालेल्या जागेची सूचना एसएसडीला लगेच देतं, ट्रिम म्हणतात त्याला, आणि एसएसडी ती जागा साफ करून टाकते. तिथे बॅकअप, वनड्राइव्ह, ईमेलमधली जोडपत्रं, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत याच जागा शोधाव्या लागतात.

फाइल मिळाली, पण मराठी वाचता येत नाही

यावर कुठे फारसं लिहिलेलं दिसत नाही आणि आपल्या माणसांचं नुकसान इथे जास्त होतं. ग्रामपंचायतीचे जुने ठराव, शाळेचे दाखले, वकिलांचे दस्त, छापखान्यातली पुस्तकं, यातलं खूप काही युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या समान पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेलं आहे: पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयएसएममधल्या डीव्हीबी-टीटी योगेश, सुरेखसारख्या फॉन्टमध्ये, किंवा किरण, शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये. नव्या प्रोफाइलमध्ये किंवा नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसतो, म्हणून वर्डमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो.

फाइल करप्ट झालेली नाही. त्यावर सेव्ह करू नका आणि सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट लावून सेव्ह करणं तर मुळीच नको, कारण मूळ फॉन्ट कोणता होता ही खूणच मग नाहीशी होते. फाइलमध्ये शब्दावर कर्सर ठेवून वर फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा, फॉन्ट नसला तरी नाव दिसतं. मग ती फॉन्टची फाइल विंडोज डॉट ओल्डच्या आत, विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये शोधा. तिथे नसेल, तर जुन्या प्रोफाइलच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या रस्त्याने जा. २०१८ नंतर फक्त एका यूजरसाठी टाकलेले फॉन्ट तिथे जातात. फॉन्ट बसवला की मराठी जशीच्या तशी उभी राहते.

ॲपडेटा हा फोल्डर लपलेला असतो, व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू केल्याशिवाय दिसत नाही आणि म्हणून कॉपीतून हमखास सुटतो. ब्राउझरचे बुकमार्क, थंडरबर्डची सगळी मेल, स्टिकी नोट्स, सगळं त्याच्या आत. हिशेबाचं काम करणाऱ्यांनी आणखी एक जागा बघावी: टॅलीप्राइमचा डेटा बहुधा तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नसून यूजर्समधल्या पब्लिकच्या आत असतो, आणि जुन्या ईआरपी ९ चा थेट सी ड्राइव्हवरच्या टॅलीच्या फोल्डरमध्ये. नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसले की तेच कंपनीचे. फक्त डेस्कटॉप-डॉक्युमेंट्स उचलून फॉरमॅट मारला तर वर्षाचे हिशेब गेले.

डिस्कच आजारी असेल तर

अपडेट पुन्हा पुन्हा फसत असेल तर दोन गोष्टी तपासा: सी ड्राइव्हवरची मोकळी जागा आणि डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन डिस्कची अवस्था दाखवतं. तिथे पिवळा किंवा लाल रंग आला, तर अपडेट हे निमित्त आहे, डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर पहिल्यांदा उतरवा, सिनेमे-गाणी शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर ती पुन्हा चालू करू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरही नको. ती बंद अवस्थेतच डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या आणि काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागा.

डिस्क ठीक असेल आणि दोष अपडेटचाच असेल, तर फाइल बाहेर आल्यावर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन ते काही आठवड्यांसाठी पॉझ करा, विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. कॉपी केलेल्या फाइलींपैकी निरनिराळ्या फोल्डरमधल्या काही उघडून बघा: एक फोटो, एक पीडीएफ, एक एक्सेल, एक मराठी वर्ड फाइल. त्या उघडल्या, की मग विंडोज नव्याने टाकायला हरकत नाही.